वीस दारांचा मजला: बीडीडी चाळीतून मनोऱ्यात आल्यावर शेजाराचे काय करायचे?

धागा सुरू करणारी: निवृत्त शिक्षिका, वरळी

गेल्या संक्रांतीला मी नेहमीप्रमाणे तिळगुळाचे एकोणीस डबे भरले. हा आकडा माझ्या आईपासून चालत आला आहे, कारण वरळीच्या बीडीडी चाळीत आमच्या मजल्यावर वीस खोल्या होत्या, मधल्या पॅसेजच्या एका हाताला दहा आणि दुसऱ्या हाताला दहा, आणि आमची सोडून बाकी एकोणीस घरी तिळगूळ जात असे. डबे पिशवीत घालून मी दार उघडले तेव्हा लक्षात आले की आता माझ्या मजल्यावर आठच दारे आहेत, त्यांतल्या पाच कुटुंबांची आडनावेसुद्धा मला ठाऊक नाहीत, आणि ज्यांच्यासाठी डबे भरले ती माणसे चौथ्या मजल्यापासून अडतिसाव्या मजल्यापर्यंत दोन विंगांमध्ये विखुरली आहेत. त्यांची घरे शोधण्यात दोन दिवस गेले. सतरा डबे पोहोचले आणि दोन परत आले. त्या दोन दिवसांत मनात जे आले ते सविस्तर मांडावे, आणि ज्यांच्या चाळी अजून रिकाम्या व्हायच्या आहेत त्यांच्याशी बोलावे, म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांना या चाळींची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, 1920 मध्ये, मुंबईत ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ म्हणजे बीडीडी हे खाते स्थापन झाले. गिरण्यांमुळे शहरात माणसे मावेनाशी झाली होती, म्हणून कामगारांसाठी 50,000 खोल्या बांधायचा मनसुबा होता आणि त्यासाठी कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवला होता. प्रत्यक्षात उभ्या राहिल्या 207 चाळी: वरळीला 121, नायगावला 42, डिलाईल रोडला म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर 32 आणि शिवडीला 12. तळमजला आणि वर तीन मजले, दर मजल्याला वीस खोल्या, म्हणजे एका चाळीत ऐंशी बिऱ्हाडे. खोली 160 चौरस फुटांची. सुरुवातीला कित्येक चाळी रिकाम्या पडून होत्या आणि सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणूनही उपयोग झाला. माझे वडील कोकणातून गिरणीत कामाला आले तेव्हा मात्र एका खोलीत नऊ-नऊ माणसे झोपत होती आणि पाळी संपवून आलेल्याला जागा व्हावी म्हणून दुसरा उठून कामावर जात होता.

पुनर्विकासाचे काम म्हाडाकडे आले, 2017 मध्ये भूमिपूजन झाले, वरळीत 1 ऑगस्ट 2021 रोजी कामाचा प्रारंभ झाला आणि 14 ऑगस्ट 2025 रोजी पहिल्या 556 घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. त्या 556 पैकी एक घर आमचे आहे. चाळीस मजल्यांच्या इमारतीत 500 चौरस फुटांचे, स्वतःचे स्वयंपाकघर आणि स्वतःचे शौचालय असलेले, तेही विनामूल्य. या घरासाठी ज्यांनी ज्यांनी वर्षानुवर्षे खेटे घातले त्या सर्वांची मी ऋणी आहे. चाळ पडली म्हणून मी रडत बसलेली नाही, हे आधी स्पष्ट करते.

माझा प्रश्न निराळा आहे. चाळीत शेजार कोणी ठरवून केला नव्हता, तो त्या इमारतीच्या रचनेतूनच होत असे. दार दिवसभर उघडे, दारात पाण्याचे पिंप आणि समोर सामाईक पॅसेज, त्यामुळे दुपारी तांदूळ निवडायला बसले की चार जणी आपोआप येऊन बसत. आमच्या समोरच्या आजी सकाळी आठपर्यंत दुधाची पिशवी आत घेत नसत तेव्हा कोणीतरी कडी वाजवायचे. इथे डिसेंबरात माझ्याच मजल्यावर एका दाराच्या कडीला दुधाची पिशवी दुपारी दीडपर्यंत लोंबकळत राहिली. मी दोनदा तिच्यासमोरून गेले आणि दोन्ही वेळा ‘आपल्याला काय करायचे’ असा विचार करून लिफ्टमध्ये शिरले. आत एकटे राहणारे गृहस्थ तापाने फणफणले होते. चाळीतल्या पन्नास वर्षांत असा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता, आणि इथे चार महिन्यांत शिवला, याची मला फार लाज वाटली.

घरे सोडतीने मिळाली. चाळ रिकामी करण्याआधीच सोडत काढून नव्या घराचा क्रमांक ठरला, त्यामुळे कोणाला वशिल्याने वरचा मजला मिळाला असे म्हणायला जागा उरली नाही, आणि ते योग्यच झाले. तरीही मला वाटते की पुढच्या टप्प्यांत एकेका कुटुंबाची सोडत काढण्याऐवजी एका मजल्यावरच्या चार-चार कुटुंबांचा गट करून त्या गटाची सोडत काढता येईल. न्याय तोच राहील आणि निदान चार ओळखीची दारे समोरासमोर येतील. यावर आपले मत हवे आहे.

प्रतिसाद: नायगावची लेक

ताई, आपले लिखाण वाचून दुधाच्या पिशवीपाशी मी थांबले. तरी एक बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही.

मी नायगावच्या चाळीत वाढले. आपण ज्याला शेजार म्हणता तो आम्हा मुलींसाठी चोवीस तासांचा पहारासुद्धा होता. शौचालये मजल्याला सामाईक. रांग टाळायची म्हणून आई पहाटे चारला उठायची आणि आम्हालाही उठवायची. संध्याकाळनंतर पाणी कमी प्यायची सवय मला इतकी लागली की लग्नानंतर डॉक्टरांनी कारण विचारले तेव्हा सांगता येईना. अंघोळीच्या वेळी घरातले पुरुष पॅसेजमध्ये जाऊन उभे राहत आणि आम्ही खोलीतल्या मोरीला साडीचा पडदा लावून घाईघाईने उरकत असू. दार उघडे असायचे कारण बंद दाराआड 160 चौरस फुटांत सात माणसांना श्वास घेता येत नव्हता. आपल्या उघड्या दारात जिव्हाळा होता हे खरे, परंतु त्यामागे ही अडचणही होती.

चाळ रिकामी झाल्यावर आम्ही महिना 25,000 रुपये भाड्याचा पर्याय घेऊन तात्पुरत्या घरात गेलो. पहिल्या रात्री आई न्हाणीघरात गेली, तिने आतून कडी लावली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी घाबरून हाक मारली. ती म्हणाली, “काही नाही ग, नुसती बसले आहे.” अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिला पहिल्यांदा कडी लावून एकटे बसता आले. म्हणून माझी विनंती एवढीच आहे की शेजाराबद्दल बोलताना बंद दाराला दोष देऊ नये. ते दार बंद करता यावे यासाठी बायकांच्या तीन पिढ्या वाट पाहत होत्या.

प्रतिसाद: वरळी, आंबेडकर मैदानाजवळून

आपण सुचवलेल्या गट-सोडतीला माझा विरोध आहे आणि त्याचे कारण मोकळेपणाने लिहितो. राग मानू नये.

बीडीडी चाळींमध्ये सगळे एकत्र नांदत होते, हे वाक्य भाषणात नेहमी ऐकू येते. प्रत्यक्षात काही चाळी प्रामुख्याने बौद्ध वस्तीच्या होत्या आणि काही सवर्ण वस्तीच्या, आणि कोणत्या क्रमांकाच्या चाळीत कोण राहते हे पत्ता सांगताच समोरच्याला कळत असे. जानेवारी 1974 मध्ये दलित पँथरच्या सभेनंतर याच वस्तीत दंगल पेटली, गच्चीवरून दगड आले, आणि पुढे कित्येक महिने एका चाळीतला माणूस दुसऱ्या चाळीसमोरून जाताना मान वळवून वर पाहत असे. माझे वडील तेव्हा रात्रपाळीहून लांबच्या रस्त्याने घरी येत. तो लांबचा रस्ता मीही लहानपणी त्यांच्याबरोबर चाललो आहे आणि का चालतो आहोत हे मला फार उशिरा कळले.

सोडतीने आपल्याला काय दिले ते पाहावे. संगणकाने क्रमांक काढला आणि माझ्या शेजारी कोण यावे हे पहिल्यांदाच जातीने ठरले नाही. माझ्या मजल्यावर आज रत्नागिरीकडचे मराठा कुटुंब आहे, एक पोलीस कुटुंब आहे, साताऱ्याचे एक माळकरी आजोबा आहेत आणि आम्ही आहोत. चार-चार जुन्या शेजाऱ्यांचे गट करून सोडत काढली तर जुन्या चाळींचे नकाशे जसेच्या तसे उभ्या मनोऱ्यात चढतील.

एक प्रश्न आदराने विचारतो. आपल्या एकोणीस डब्यांमध्ये आमच्या समाजाच्या घरी जाणारे किती होते?

प्रतिसाद: निवृत्त शिक्षिका, वरळी

दादा, आपल्या प्रश्नाचे उत्तर: एकही नव्हता. आमच्या मजल्यावर तशी खोलीच नव्हती आणि मजला ओलांडून डबा न्यावा असे मला कधी सुचले नाही. मी एकतीस वर्षे वर्गात सगळ्या मुलांना एका रांगेत बसवले आणि घरी मात्र तीच यादी चालवत राहिले. हे लिहिताना हात जड झाला आहे, तरी लिहायलाच हवे.

गट-सोडतीची सूचना मी मागे घेते. जी पाच आडनावे मला ठाऊक नाहीत असे मी वर लिहिले, त्यांना शोधायचे सोडून मी जुनी सतरा दारे शोधत दोन दिवस फिरले, हे आपल्या प्रतिसादानंतर मला दिसले. नायगावच्या लेकीलाही सांगते की तुझ्या आईचे वाचून मला माझी आई आठवली. ती पहाटे साडेतीनला उठायची.

आता प्रश्न नव्याने मांडते. जो शेजार पॅसेजमुळे आपोआप होत असे, तो जर आता आपला आपण करायचा आहे, तर त्यासाठी इमारतीत जागा कोणती, वेळ कोणती आणि पैसा कोणाचा?

प्रतिसाद: सोसायटीचे हिशेब पाहणारा, ना. म. जोशी मार्ग

पैशाच्या भागाबद्दल लिहितो, कारण मनोऱ्यात भांडणे जातीपेक्षा आणि धर्मापेक्षाही लवकर मासिक वर्गणीवरून होतात, हे मी तीन सोसायट्यांचे हिशेब पाहताना अनुभवले आहे.

पहिली 12 वर्षे इमारतीची देखभाल म्हाडामार्फत होईल असे जाहीर झालेले आहे. त्यामुळे आज बहुतेकांना वाटते की वर्गणीचा विचार करायला पुष्कळ वेळ आहे. हा समज धोक्याचा आहे. चाळीत भाडे नाममात्र होते आणि छत गळले तर अर्ज द्यायचा असे. चाळीस मजल्यांच्या इमारतीत लिफ्ट, पाण्याचे पंप, अग्निशमन यंत्रणा आणि जनित्र ही चार यंत्रे म्हणजे इमारतीचा जीव आहे, आणि ती जुनी होऊ लागतात नेमकी दहा-बारा वर्षांनीच. म्हणजे ज्या वर्षी खर्चाचा भार आपल्यावर येईल त्याच सुमारास मोठ्या दुरुस्त्याही दारात उभ्या असतील.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बांधकाम खर्चाच्या किमान 0.25 टक्के दरवर्षी सिंकिंग फंडात, म्हणजे पुढच्या मोठ्या खर्चासाठी राखून ठेवायच्या निधीत, आणि किमान 0.75 टक्के दुरुस्ती निधीत जमा करायचे असतात. उदाहरणापुरता एका घराचा बांधकाम खर्च 15 लाख रुपये धरला, तर पहिल्या निधीचे 3,750 आणि दुसऱ्याचे 11,250, असे मिळून वर्षाला 15,000, म्हणजे महिन्याला 1,250 रुपये होतात. यात लिफ्टची वीज नाही, पहारेकरी नाही, सफाई नाही आणि पाणीपट्टीही नाही. निवृत्तिवेतन नसलेल्या, गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते काम केलेल्या माणसाला हा आकडा अचानक पेलणार नाही. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की आजपासून घरटी दोनशे-तीनशे रुपये का होईना, एका संयुक्त खात्यात साठवायला सुरुवात करावी. बारा वर्षांचे व्याज आपल्या बाजूने उभे राहील. ज्यांना वर्गणी झेपणार नाही ते घर भाड्याने देऊन लांब जातील, आणि मग तुम्ही कितीही स्नेहमेळावे घेतले तरी जुनी माणसे इमारतीत उरणार नाहीत.

आणखी एक. कार्यकारिणीत महिलांसाठी, अनुसूचित जाती-जमातींसाठी, इतर मागासवर्गीयांसाठी आणि भटक्या-विमुक्तांसाठी कायद्याने राखीव जागा आहेत. त्या कागदोपत्री भरू नयेत. नायगावच्या ताईंसारखी व्यक्ती समितीत असेल तर जिन्यातला दिवा बंद आहे हे पहिल्याच बैठकीत निघेल.

प्रतिसाद: डिलाईल रोडचा जुना रहिवासी

जागेबद्दल मी लिहितो. माझे वय झाले आहे, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्यावे.

18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि कापड खात्यात होतो. अडीच लाख कामगार बाहेर पडले. आमच्या चाळीत तेव्हा गावकऱ्यांच्या खोल्या होत्या, एकेका गावाची एकेक खोली, आणि खाणावळ चालवणाऱ्या बाया होत्या. पगार थांबला तरी आमच्या खाणावळवाल्या मावशींनी चौदा जणांचे ताट चार महिने बंद केले नाही. भाकरी लहान झाली, कालवणात पाणी वाढले, पण ताट आले. पुढे त्यांनी हातातल्या पाटल्या मोडल्या. त्यांचे पैसे आमच्यापैकी सगळ्यांनी फेडले असे मला छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही.

गिरण्या बसल्या आणि जमिनींचा प्रश्न उभा राहिला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत 58 क्रमांकाचा नियम होता. गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा तर ढोबळमानाने एक तृतीयांश जागा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, असे वाटप त्यात होते. चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 1996 मध्ये सगळ्या जमिनींचा एकत्र विचार करायला सांगितले होते. 2001 मध्ये नियमात बदल झाला आणि वाटप गिरणीच्या संपूर्ण जमिनीऐवजी आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरते उरले. गिरणीचे शेड जिथे उभे होते ती जागा वाटणीतून गेली. प्रकरण न्यायालयात गेले आणि मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य ठरवला. ‘मोकळी जमीन’ एवढ्याच शब्दांच्या अर्थावरून मुंबईच्या मध्यावरची किती मैदाने आणि किती घरे गेली ते आम्ही डोळ्यांनी पाहिले. ज्या भोंग्याला आम्ही उठत होतो त्या आवारात आता काचेच्या कचेऱ्या आहेत.

माणसे वाढली आणि रस्ते, पूल, जिने तेवढेच राहिले. 29 सप्टेंबर 2017 रोजी सकाळी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 जण गेले. तो पूल आमच्या काळी पाळी सुटल्यावर भरत असे, नंतर तो दिवसभर भरलेला असे. आमचा डिलाईल पूल 2018 च्या जुलैमध्ये बंद झाला तो पुन्हा पूर्ण सुरू व्हायला 2023 चा नोव्हेंबर उजाडला. तेवढी वर्षे आमच्या म्हाताऱ्यांनी स्टेशन गाठायला किती वळसे घातले ते आमचे आम्हाला ठाऊक.

हे सगळे इथे का सांगतो? बीडीडीच्या जागेवर आपल्या इमारतींबरोबर विक्रीच्या इमारतीही उभ्या राहणार आहेत आणि त्यांच्या पैशातूनच आपली घरे होत आहेत. ते मान्य. मात्र सभागृह, वाचनालय, व्यायामशाळा, बुद्धविहार, मंदिर, बालवाडी आणि मोकळी जागा यांतले काय, किती चौरस फुटांचे आणि कोणाच्या ताब्यात, हे शब्दन् शब्द लेखी घ्यावे आणि मंजूर नकाशावर बोट ठेवून पाहावे. आम्ही तोंडी आश्वासनांवर आणि मोर्च्यांच्या गर्दीवर विसंबलो होतो.

प्रतिसाद: कबड्डीवाला, वरळी

काकांचे वाचून मी लगेच आमच्या मंडळाच्या खजिनदारांना दूरध्वनी केला. कारण आमचा नेमका तोच प्रश्न आहे.

चाळीच्या जिन्याखाली एक लहानशी खोली होती. तिला आम्ही ‘सामानाची खोली’ म्हणत असू. तिच्यात दोन मोठी पातेली, एक काहिली, अकरा सतरंज्या, सत्तर खुर्च्या, ढोल, कबड्डीच्या मॅट आणि एक लाकडी तिरडीची चौकट असे सामान असे. पातेल्यांवर चाळीचा क्रमांक कोरलेला होता. बारसे, साखरपुडा, भीमजयंतीचे जेवण, गणपतीचा महाप्रसाद आणि बाराव्याचे जेवण, सगळे त्याच पातेल्यांत शिजले आहे. नव्या इमारतीत ते सामान पाच जणांच्या बाल्कनीत वाटून ठेवले आहे. एक पातेले माझ्या घरी आहे आणि आईने त्यात तांदूळ भरून ठेवले आहेत. मागच्या महिन्यात एका घरी वर्षश्राद्ध होते. त्यांनी जेवण बाहेरून मागवले, कारण पातेली कोणाकडे आहेत हे त्यांना माहीत नव्हते आणि आम्हालाही विचारायला कोणी आले नाही.

मैदानाच्या बाबतीत आम्ही नशीबवान आहोत. जांबोरी मैदान आहे, सराव चालू आहे आणि आता आमच्या संघात तीन मुले अशी आहेत ज्यांच्या मोठ्या भावांनी एकमेकांच्या चाळीविरुद्ध सामने खेळताना डोकी फोडली होती. प्रश्न इमारतीच्या आतला आहे. सभागृहाला लागून दहा फूट बाय दहा फुटांची सामानाची खोली मिळावी, एवढी मागणी मी ताईंच्या वतीने नोंदवतो.

प्रतिसाद: लोअर परळ, भाडेकरू

मी नागपूरची. 2014 मध्ये नोकरीसाठी आले आणि पूर्वीच्या गिरणीच्या जागेवरील एका मनोऱ्यात भाड्याने राहते. बारा वर्षांत माझ्या मजल्यावर एकाही घरात मी चहा प्यायलेले नाही. खिडकीतून मला ना. म. जोशी मार्गाच्या चाळी दिसत आणि संध्याकाळी तिथल्या दारांतली माणसे पाहून मला घरची आठवण येई. गणपतीत मी एकदा धीर करून तिथे गेले, तर एका आजींनी प्रसाद देऊन “कुठल्या खोलीत नवीन आलात?” असे विचारले. मला ‘समोरच्या मनोऱ्यात’ असे सांगताना उगाच संकोच वाटला.

विक्रीच्या इमारतींत जे लोक राहायला येतील त्यांच्यातही माझ्यासारखे पुष्कळ असतील. दोन्हींच्या मध्ये भिंत येईलच. तिला एक दरवाजा असावा आणि तुमच्या सभागृहातल्या कार्यक्रमाची पाटी आमच्या बाजूलाही लावावी. आम्ही येऊ.

प्रतिसाद: पोलीस कुटुंबातली

थोडक्यात लिहिते. वडील पोलीस दलात होते आणि खोली सेवेतली होती. आमच्यासारख्यांना घर विनामूल्य नाही. आधी 50 लाख, मग 25 लाख अशी चर्चा होऊन 2022 मध्ये 15 लाख रुपये ही रक्कम ठरली. ती आकारणी योग्य की अयोग्य यावर इथे वाद नको. एवढेच सांगायचे आहे की कर्जाचा हप्ता भरणारे आणि न भरणारे एकाच मजल्यावर राहणार आहेत, तेव्हा वर्गणीच्या बैठकीत ‘तुम्हाला फुकट मिळाले’ आणि ‘तुम्ही नंतर आलात’ ही दोन वाक्ये कोणीही उच्चारू नयेत. आमच्या मजल्यावर ती एकदा उच्चारली गेली आणि दोन घरांचे बोलणे अजून बंद आहे.

प्रतिसाद: निवृत्त शिक्षिका, वरळी

सर्वांचे प्रतिसाद मी वहीत उतरवून घेतले आणि रविवारी आमच्या मजल्यावर आठही घरांची बैठक बोलावली. बैठक म्हणजे लिफ्टसमोरच्या जागेत आठ खुर्च्या आणि एक किटली चहा. सहा घरे आली. तापाने आजारी पडलेले गृहस्थही आले. त्यांना मी पिशवीची गोष्ट सांगितली आणि क्षमा मागितली. ते म्हणाले की त्या दिवशी त्यांनी दोनदा पावलांचा आवाज ऐकला होता.

तीन गोष्टी ठरल्या. एकट्या राहणाऱ्या दोघांच्या दाराची जास्तीची किल्ली शेजारच्या घरी राहील आणि सकाळी नऊपर्यंत दूध आत गेले नाही तर कडी वाजवायची. घरटी 300 रुपये या महिन्यापासून जमा होतील आणि खाते तिघांच्या नावे असेल, त्यांत दोघी बायका. तिसरे, सामानाच्या खोलीचा अर्ज कबड्डीवाल्याच्या मजकुरासह तयार झाला आहे, त्यावर 112 सह्या झाल्या आहेत आणि मंजूर नकाशाची प्रत मागणारा दुसरा अर्ज काकांच्या सांगण्याप्रमाणे सोबत जोडला आहे. दार उघडे ठेवण्याची सक्ती कोणावरही नाही, हे नायगावच्या लेकीसाठी मुद्दाम लिहिते.

ज्यांच्या सोडती अजून व्हायच्या आहेत त्यांना एक सांगणे आहे. चाळ सोडण्याआधी मजल्यावरच्या वीसही घरांचे दूरध्वनी क्रमांक एका कागदावर लिहून त्याच्या वीस प्रती काढाव्यात. संक्रमण काळात माणसे डोंबिवलीपासून पनवेलपर्यंत पांगतात आणि क्रमांक बदलतात. आम्ही हे केले नाही.

परत आलेल्या दोन डब्यांपैकी एकाचा पत्ता या धाग्यामुळेच लागला. आमच्या कोपऱ्यातल्या खोलीतले कुटुंब घर भाड्याने देऊन बदलापूरला राहते, असे कबड्डीवाल्याच्या आईने कळवले. मुलाचे काम सुटले आहे आणि भाड्यावर घर चालते. येत्या शनिवारी मी आणि माझ्या मजल्यावरच्या एक वहिनी तिकडे जाणार आहोत. दुसरा डबा मी आंबेडकर मैदानाजवळच्या दादांच्या घरी नेला. संक्रांत होऊन महिना लोटला होता, तरी त्यांच्या आईंनी तो घेतला आणि डबा रिकामा परत द्यायचा नसतो म्हणून त्यात खीर घालून दिली.

दादांच्या मजल्यावरची माळकरी आजोबांची आणि इतर घरांची नावे मी यादीत घेतली आहेत. पुढच्या वर्षी सत्तावीस डबे लागतील.